सैल बांधलेली जुडी

सायखेडा
२० नोव्हेंबर २०२४

प्रतिभाताईंना नमस्कार,

तुम्हाला वाटेल, या भाग्यश्रीला झालंय तरी काय, हातात फोन असताना कागद काळे करत बसलीय. पण तुमच्याकडे फोन उचलते वेदिका. ती लगेच स्पीकर लावते आणि शेजारी आई बसलेल्या असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर तेही तुमची लेक आजीला मोठ्यानं वाचून दाखवते. मला जे विचारायचंय ते आईंच्या समोर विचारण्यासारखं नाही. म्हणून ही चिठ्ठी. तुमचे भाऊ रोज टेम्पो घेऊन नाशिकला मार्केटला येतातच, भाजीच्या पिशवीबरोबर देतील. उत्तर त्यांच्याच हाती द्या. उघडून वाचतील ही भीती नको, त्यांना विजेचं बिल वाचायचाही कंटाळा आहे.

भाऊबीजेला तुम्ही आलात आणि "पंधरा दिवस नेते, चांगल्या डॉक्टरांना दाखवते," म्हणून आईंना घेऊन गेलात. मी अडवलं नाही. दादा गेल्यापासून त्या कशा मिटत गेल्या ते मी रोज बघत होते. जेवण उतरलं, झोप गेली, विचारलं तर "बरं हाय" एवढंच उत्तर. नवरा गेल्याचं दुःख आहे, निवळेल हळूहळू, असं म्हणत आम्ही दीड वर्ष काढलं. तेव्हा तुम्ही नेलंत ते चांगलंच केलंत. पण पंधरा दिवस होऊन गेले, ताई.

परवा वेदिकाचं स्टेटस बघितलं. सोमेश्वरच्या धबधब्यापाशी आई, हातात भाजलेलं कणीस, आणि चक्क हसतायत. जे चार दात उरलेत ते सगळे दिसतायत. मी तो फोटो किती वेळा बघितला सांगत नाही. आनंद झाला का, तर झाला. पण खोटं कशाला बोलू, आधी फोन पालथा ठेवला आणि आनंद मागून आला. माझ्या घरात ज्या दीड वर्ष हसल्या नाहीत त्या तुमच्या घरी दोन आठवड्यांत हसल्या.

तुम्हाला माहीत आहे, मला माहेर असून नसल्यासारखं. माझी आई मी नववीत असताना गेली. या घरात आले त्या दिवशी तुमच्या आईंनी मला समोर बसवून वेणी घातली होती. त्या दिवसापासून त्या माझ्याही आई.

औषधं वेळेवर देताय ना? रात्रीच्या भाकरीवर दूध घालून ती मऊ होऊ द्यायची, मगच द्यायची. चहात गूळ.

आणि कधी पाठवताय ते कळवा. बाकी मला काही नको.

तुमची
भाग्यश्री


गंगापूर रोड, नाशिक
२५ नोव्हेंबर

चि. सौ. भाग्यश्री,

तुझी चिठ्ठी मेथीच्या पानांत गुंडाळलेली मिळाली. जरा ओली झाली होती, पण तुझा राग काही विरघळला नव्हता.

अगं, पंधरा दिवस म्हणजे काय पंधराच दिवस धरून बसायचं का? डॉक्टर म्हणाले, हा मनाचा आजार आहे, औदासीन्य म्हणतात याला. गोळी बारीकच दिली आहे, पण ती लागू पडायलाच काही आठवडे जातात. शिवाय दर गुरुवारी एक समुपदेशक मॅडम तिच्याशी बोलतात. पहिल्या वेळी मी सोबत बसले होते. मॅडमनी विचारलं, "आजी, घरी दिवसभर काय करता?" आई म्हणाली, "काय नाय. बसते." मॅडमनी पुन्हा विचारलं, "आणि मग?" तर म्हणाली, "मग आडवी होते."

मला फार वाईट वाटलं. तिकडे तिच्याशी कुणी बोलत नाही का गं? तुम्ही दोघं दिवसभर शेतात, हे मला कळतं. मी काही दोष देत नाही. पण माणसाला दोन वेळचं खाणं आणि औषध एवढंच पुरत नाही, असं मॅडम म्हणतात.

इथे ती छान आहे. मी पतसंस्थेतून सहाला येते, तोवर वेदिका कॉलेजातून आलेली असते. बाल्कनीत ऊन येतं. झोप लागायला लागली आहे, परवा तर मला उठवावं लागलं. आणि हो, भाकरीवर दूध मी घालते. ती माझीही आई आहे, मला तिच्या सवयी ठाऊक आहेत.

आता डिसेंबर इथेच काढू दे. थंडीत सायखेड्याला नदीवरचं वारं लागतं.

समाधानला सांग, टेम्पो सावकाश चालव.

तुझी
प्रतिभाताई


सायखेडा
२ डिसेंबर

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि तव्यावरची भाकरी करपली. मी ती तशीच खाल्ली.

तुमच्या मॅडमनी माझं घर बघितलंय का? "काय नाय, बसते" म्हणे. बसतात म्हणजे काय, मी बसवते! त्या बसाव्यात म्हणून मी काय काय केलं ते तुमच्या मॅडमना कोण सांगणार?

दादांच्या वर्षश्राद्धाचा दिवस आठवा. तुम्ही तेव्हा आत पुरण वाटत होतात. आई ओसरीवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या, टेम्पो निघायचा होता म्हणून. पंगतीला आलेली शेजारची बयाबाई सगळ्यांच्या देखत म्हणाली, "नवरा जाऊन वरीस झालं, अन् म्हातारीला अजून जुड्या बांधायला बसवत्यात. सुनेला लाज नाय." ताई, मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या हाताला मेथी लागू दिली नाही. दोन बाया लावल्या बांधायला. आईंना नाशिकहून ती पाठीला टेकायची खुर्ची आणवली, टीव्ही ओसरीत आणला. पहिले काही दिवस त्या म्हणायच्या, "आण गं चार जुड्या इकडं." मी म्हणायचे, "आयुष्यभर केलंत, आता बसा निवांत." नंतर त्यांनी म्हणायचं सोडलं. स्वयंपाकाला हात नाही, गोठ्यात पाय नाही, केस मी विंचरायचे, नखं मी कापायचे. आख्ख्या गावात अशी सून दाखवा मला.

आणि बक्षीस काय, तर "तिकडे कुणी बोलत नाही का."

गावातल्या बाया हसतात. सासू लेकीकडे गेली, आता मज्जा आहे तुझी, म्हणतात. तुमचे भाऊही परवा म्हणाले, "लोकांच्या बायका सासू गेली तर पेढे वाटतील, तू सुतक धरून बसलीस." मी हसले नाही. मला झोप येत नाही. उठते, त्यांच्या खाटेपाशी जाते, रिकामी खाट बघून परत येते. भर दुपारी मेथी उपटताना छातीत धडधड सुरू होते आणि थांबत नाही. त्यात तुमचं पत्र, "परवा तर उठवावं लागलं." सगळी झोप तुमच्या घरी गेली वाटतं.

मी या रविवारी येते. आईंना बघते, आणि यायचं म्हणाल्या तर घेऊन येते.

भाग्यश्री


गंगापूर रोड
६ डिसेंबर

चि. भाग्यश्री,

रविवारी येऊ नकोस. आम्ही घरी नाही, वेदिकाच्या मैत्रिणीकडे कार्यक्रम आहे. पुढच्या रविवारचंही आताच सांगता येत नाही.

तू उगाच डोक्यात घेतेस. मी दोष दिला नव्हता. तब्येत दाखवून घे, पिंपळगावला चांगले डॉक्टर आहेत.

एक काम होतं. भाजी पाठवतेस त्यात मेथी जरा जास्त पाठवशील का? आणि बांधून नको, मोकळीच पोत्यात भरून दे. कोथिंबीरही तशीच. इथे बरं पडतं.

आई बरी आहे. घाईत लिहिते आहे.

प्रतिभाताई


सायखेडा
१५ डिसेंबर

ताई,

आज नमस्कार लिहायला हात होत नाही.

पोतंभर मोकळी मेथी! तुम्ही नवराबायको, वेदिका आणि आई चौथ्या, रोज मेथीचे पराठे खाल्ले तरी किती खाल? मी आठ दिवस डोकं चालवलं. वाटलं, तुम्ही सोसायटीतल्या बायकांना निवडलेली भाजी विकता आणि आईंना निवडायला बसवता. मग स्वतःलाच म्हटलं, भाग्यश्री, जीभ आवर, तुझी नणंद पतसंस्थेत खुर्चीवर बसते, ती असलं काही करणार नाही. पण दोन रविवार "येऊ नकोस" म्हणता, हे काय मला कळत नाही?

म्हणून काल न सांगता टेम्पोत बसले. तुमच्या भावांना वाटलं, बायको मार्केट बघायला निघाली. तुमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर टेम्पो वळला आणि मी आईंना बघितलं.

फुटपाथवर, भाजीच्या हातगाडीशेजारी, गोणपाटावर मांडी घालून बसल्या होत्या. डोक्याला माझा राखाडी स्कार्फ, भाऊबीजेला निघताना मीच बांधून दिलेला. पुढ्यात आपलीच मेथी, मी आदल्या दिवशी उपटून पाठवलेली. पाण्यात भिजवून दोरीसारखं फाडलेलं केळीच्या खोडाचं सोपट मांडीवर, आणि हात असे चालत होते की मधे सहा-सात महिने गेलेच नाहीत. मूठ भरायची, मुळं एका रेषेत घ्यायची, जुडी गुडघ्यावर आपटायची, दोन वेढे, पीळ, झालं. गाडीवाली बाई गिऱ्हाइकाशी बोलत होती आणि आई मधूनच तिला काहीतरी सांगत होत्या, आणि दोघी हसत होत्या. एवढ्या हसल्या की आईंनी पदर तोंडाला लावला.

मी टेम्पोतून उतरले नाही. तुमच्या भावांना म्हटलं, चला, मला बरं वाटत नाही. ते भाजीची पिशवी वॉचमनकडे ठेवून आले. मार्केटला पोचेपर्यंत मी रडत होते.

ताई, ज्यांच्या हाताला मी मेथी लागू दिली नाही त्यांना तुम्ही रस्त्यावर बसवलंत! भिमाजी आण्णा म्हणून शिवारात ज्यांचं नाव, त्या आपल्या दादांची बायको गंगापूर रोडला फुटपाथवर! बयाबाईला हे कळलं तर? पण ते सुद्धा मी गिळीन. मला ते लागलं नाही एवढं. लागलं ते दुसरंच. मी त्यांना एवढं जपलं, आणि त्या हसल्या कुणाबरोबर? एका अनोळखी भाजीवालीबरोबर. तुमच्याबरोबर हसल्या असत्या तर मी म्हटलं असतं, लेक आहे, रक्त आहे. पण ती कोण? तिनं काय केलंय त्यांच्यासाठी? मला तिचा एवढा राग आला की तिची हातगाडी उलथवावीशी वाटली.

मला सरळ सांगा, माझ्यापाशी असं काय नव्हतं?

भाग्यश्री


गंगापूर रोड
२२ डिसेंबर

प्रिय भाग्यश्री,

तू टेम्पोत होतीस. अगं, एवढी जवळ येऊन गेलीस! हे वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले, वेदिका विचारत बसेल म्हणून.

आता ऐक. मी तिला बसवलेलं नाही. मीसुद्धा तेच करत होते जे तू करत होतीस. आणल्यापासून तिला सोफ्यावर बसवलं, हातात रिमोट दिला, "आई, तू काही करायचं नाहीस" म्हटलं. सोमेश्वरचा तो फोटो तर वेदिकानं गुदगुल्या करून काढला होता, परत आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली. हे मी तुला लिहिलं नाही. झोपेचं लिहिलं ते खरं होतं, पण ती गोळीची झोप होती. तुला वाटावं की माझ्याकडे आल्या आल्या ती बरी झाली, असं मला हवं होतं.

मग एक दिवस ती उन्हाला म्हणून खाली गेली. कोपऱ्यावर सावित्रीबाई गाडी लावते. ती मार्केटातून मोठ्या जुड्या आणते आणि सोडून लहान करते, शहरात कोण एवढी भाजी घेणार? तिच्या जुड्या रबर लावून केलेल्या, हातात घेतल्या की विस्कटायच्या. आईनं म्हणे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "बाई, ही जुडी हाय का पेंढी? आण इकडं." आणि बसली. मी संध्याकाळी आले तर घरात आई नाही. माझा जीव उडाला. शोधत खाली गेले तर ही गोणपाटावर! मी तिला ओढत वर आणलं, लोक बघत होते म्हणून. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. गुरुवारी मी मॅडमकडे तक्रार केली तर मॅडम म्हणाल्या, "हे औषध मी लिहून देऊ शकत नव्हते. तुम्ही ते बंद करू नका."

त्या दिवसापासून तिला भूक लागते. गोळीही आता डॉक्टरांनी अर्धी केली आहे. मोकळी मेथी तिनंच मागवली, "आपल्या रानातली असंल तर बांधायला सुख" म्हणाली. आणि तुला मी येऊ दिलं नाही, कारण तू बघितलंस तर म्हणशील, लेकीनं आईला रस्त्यावर बसवलं. म्हणालीसच.

सोसायटीतल्या एकीनं मला लिफ्टमध्ये विचारलं, "खाली बसतात त्या तुमच्या आई?" मी म्हटलं, "गावाकडच्या आहेत." एवढंच. हो म्हणायला जीभ रेटली नाही.

आता माझं ऐक. तू विचारलंस, माझ्यापाशी काय नव्हतं. मी गेली अठरा वर्षं उलटं विचारते आहे, भाग्यश्रीपाशी असं काय आहे? मी माहेरी आले की आई म्हणायची, "भाग्यश्रीला विचार, भाग्यश्रीनं ठेवलंय, भाग्यश्रीच्या हातचं खा." इथे माझ्या घरात, माझ्या हातून पाणी घेताना ती म्हणते, "ठेव गं भाग्यश्री." एकदा नाही, रोज. मी ग्लास ठेवते आणि आत जाते. भाऊबीजेला तिला घेऊन आले ते डॉक्टरसाठी, हे खरं. पण मनात हेही होतं की एकदा तरी तिनं बरं होऊन म्हणावं, प्रतिभानं मला उठवलं. मॅडमनी मला वेगळं बसवून विचारलं, "तुम्ही आईंची काळजी घेता ती कुणाला दाखवायला?" मी त्यांच्यावर चिडले होते. आज तुझं पत्र वाचून मला त्याचं उत्तर सुचलं.

आणि एक तुला सांगायलाच हवं. सावित्रीबाईला ती तुझ्याबद्दल सांगत असते. मी मागे उभी असताना ऐकलं. म्हणाली, "आमच्या सुनेनं मला लय जपलं. पैठणीवानी घडी घालून कपाटात ठेवली. पण बाई, पैठणीला कपाटातच कसर लागती."

ती परत यायला तयार नाही, भाग्यश्री. मी विचारलं. "तिथं जाऊन काय करू? ती हात लावू देत नाय," म्हणाली. मला आधी गोड वाटलं. मग लगेच लाज वाटली. काय करायचं ते तू ठरव. मी तिला धरून ठेवणार नाही, आणि जा असंही म्हणणार नाही.

प्रतिभा


सायखेडा
५ जानेवारी २०२५

प्रतिभाताई,

उत्तराला उशीर झाला. मध्ये धडधड फार वाढली म्हणून हे मला पिंपळगावला डॉक्टरांकडे घेऊन गेले. पट्ट्या लावून हृदय तपासलं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, घरात काही झालंय का? मी म्हटलं, सासू लेकीकडे गेली. डॉक्टर मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी हसू थांबवलं.

पैठणीचं वाचल्यावर तिसऱ्या दिवशी ती टेकायची खुर्ची उचलली आणि बयाबाईच्या ओसरीवर नेऊन ठेवली. म्हटलं, "घ्या, तुम्ही बसा आता." ती बघतच राहिली. बसली मात्र लगेच.

तुमच्याबद्दल माझ्या मनात काय काय होतं ते तुम्ही वाचलंत, तुमच्या मनात काय होतं ते मी वाचलं. फिटंफाट झाली. तरी खरं तेच सांगते, हेवा गेला नाही. सावित्रीबाईचा तर मुळीच नाही. फक्त आता हातगाडी उलथवावीशी वाटत नाही. तिच्या जागी बसावंसं वाटतं.

आईंना बोलवायला मी येणार नाही. आले तर रडेन, रडले तर त्या माझ्या दयेनं येतील, आणि मग पुन्हा खाटेवर बसतील. तसं नको. पण नुसती हातावर हात ठेवूनही बसणार नाही, तेवढी साधी मी नाही.

पिशवीत वरच एक मेथीची जुडी आहे. ती मी बांधली आहे. मुळं खालीवर, मूठ कमी-जास्त, आणि सोपट न भिजवता गुंडाळलंय, गाठ मारायच्या आधीच तुटायला आलेलं. खरं सांगते, मुद्दाम सैल बांधली. मुद्दाम बांधतानासुद्धा मला शरम वाटली, कारण मला जुडी बांधायला त्यांनीच शिकवलंय. ही जुडी आईंच्या पुढ्यात ठेवा. काही समजावू नका, मी रडते वगैरे सांगू नका. एवढंच म्हणा, "भाग्यश्रीनं पाठवलीय. म्हणाली, आता आमच्याकडे अशाच जुड्या बांधतात."

मग त्या काय म्हणतात ते कळवा. काहीच म्हणाल्या नाहीत तर तेही कळवा. मी ऐकून घेईन.

भाग्यश्री


गंगापूर रोड
९ जानेवारी

मामी, मी वेदिका. आजी बोलली तसंच लिहिलंय, एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. तशी दमच दिलाय तिनं.

भाग्यश्री,

ही जुडी हाय का चेष्टा हाय? सावित्रीबाईला दाखवली तर ती म्हणली, "आजी, ही तर माझ्या रबरापेक्षा वाईट." माझं नाक कापलंस तिच्यापुढं. इतके दिवस मी तिला सांगत होते, आमच्या सायखेड्याची जुडी मुंबईला गेली तरी सुटत नाय.

आता मुद्दाम सैल बांधली हे मला कळत नाय असं वाटतं का तुला? चुकून वाईट बांधली तर बोटं चुकत्यात, मुळं चुकत नायत. तू मुळंपण खालीवर केलीस. लय शहाणी हायस. पण तुझी ही हुशारी बघून मला हसू आलं, अन् हसता हसता प्रतिभा म्हणली, "आई, रडतीस का?" म्हणलं, मेथीचं पाणी उडलं डोळ्यात.

तुम्ही दोघी चिठ्ठ्या लिवता हे मला पहिल्या दिवसापासनं ठाऊक हाय. समाधान पिशवी देताना चोरावानी बघतो. त्याला लहानपणापासनं लपवता येत नाय. मी काय बांधावरची जमीन हाय का, दोघींनी वढून घ्यायला? प्रतिभानं आता सगळं सांगितलं, एक म्हणती माझ्याकडं हसली नाय, दुसरी म्हणती माझं नाव घेतलं नाय. अगं, प्रतिभाला मी सांगितलंय, तुलाबी सांगते. तुझं नाव माझ्या तोंडात बसलं, कारण तू परक्याची लेक, तुला नाव घेऊन घेऊन आपली केली. हिचं नाव कशाला घ्यायचं? ही तर माझ्या पोटातनंच आली. हे ऐकून ती लेकरावानी रडली. पन्नाशीला आली तरी. मग खाली जाताना लिफ्टमधी सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं म्हणली, "हो, त्या माझ्या आई." आमच्याबिगर कुणीच नव्हतं तेव्हा, पण म्हणली ते खरं.

संक्रांतीला येते. तिळगूळ करून ठेवू नको, मी करीन. केळीचं सोपट आदल्या दिवशी भिजत घाल, पाण्यात बुडालं पायजे, नुसतं शिंपडायचं नाय. ती टेकायची खुर्ची बयाबाईला दिली म्हणं, बरं केलंस. तिला म्हणावं, म्हातारी परत जुड्या बांधणार हाय, बघायला ये, खुर्ची घेऊन ये.

दर गुरुवारी मात्र टेम्पोत बसून नाशिकला येणार. मॅडमला भेटायचं, अन् सावित्रीबाईला अजून पीळ द्यायला जमत नाय. ती आज तोंड फुगवून बसलीय, म्हणती, "सुनेनं जुडी पाठवली की चालल्या." तीबी जळती तुझ्यावर. मला बाई हसू येतं, उभ्या जन्मात कुणी माझ्यावरनं भांडलं नाय, अन् आता तिघी भांडता.

एक शेवटचं सांगते, वेदिका लिहून घे. त्या दिवशी टेम्पो कोपऱ्यावर थांबला तेव्हा मी तुला बघितलं होतं. पदर तोंडाला लावला तो हसण्यानं नाय. काचेच्या मागं तू रडत होतीस. मला हाक मारायची होती. मारली असती तर तू उतरून आली असतीस, माझा हात धरला असतास, अन् मी तशीच उठून तुझ्यासंगं आले असते. अन् आल्यावर तू मला परत खाटेवर बसवलं असतंस. म्हणून मी मान खाली घातली अन् जुडी बांधत राहिले. ती जुडी लय घट्ट झाली, सावित्रीबाईच्यानं सुटंना.

आता संक्रांतीला येते तवा तू एक जुडी बांध माझ्या समोर. मी ती सोडून परत बांधीन. तेव्हा "बसा आई" म्हणायचं नाय.

नवसाबाई